घरी पीसीबी बनवताना: एचिंग, ड्रिलिंग आणि त्याआधीचं बरंच काही

ब्रेडबोर्डवर सर्किट व्यवस्थित चालतं, पण जरा धक्का लागला की एखादी वायर निसटते आणि पुन्हा शोधाशोध सुरू होते. या टप्प्यावर आलेल्यांसाठी हा लेख आहे. एकाच बाजूला तांबं असलेला, भोकांत पाय घालून पार्ट्स बसवायचा साधा पीसीबी (प्रिंटेड सर्किट बोर्ड, म्हणजे वायरऐवजी तांब्याच्या पट्ट्या असलेला बोर्ड) कसा करायचा, एवढंच यात आहे. एसएमडी (भोकांशिवाय पृष्ठभागावरच सोल्डर होणारे पार्ट्स) आणि दोन बाजूंचे बोर्ड नंतर बघू, आधी हे जमू द्या.

नवख्या माणसाचं सगळं लक्ष एचिंगच्या, म्हणजे नको असलेलं तांबं विरघळवण्याच्या, तपकिरी द्रावणाकडे असतं. खरं तर द्रावण आपलं काम चोख करतं. उघडं असेल ते तांबं खातं, झाकलेलं सोडून देतं. बोर्ड बिघडतो तो त्याच्या आधी किंवा नंतर: नकाशात (तांब्याच्या पट्ट्यांच्या आराखड्यात) जागा कमी ठेवल्यामुळे, तांबं नीट न घासल्यामुळे, नाहीतर भोक पॅडच्या (पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या चकतीच्या) मधून सरकल्यामुळे. म्हणून नकाशा काढायला बसतानाच आपल्याकडे कोणते ड्रिल बिट आहेत ते बघून बसा.

भोकावरून पॅड, पॅडवरून नकाशा

बहुतेक पार्ट्सचं काम तीन मापांत भागतं. आयसी, पाव वॉटचे रेझिस्टर, छोटे कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर यांना ०.८ मिमी. पिन हेडर, १एन४००७ सारखे जाड पायांचे डायोड आणि व्होल्टेज रेग्युलेटर यांना १ मिमी. स्क्रू टर्मिनलला १.२ ते १.३ मिमी. हेडरची पिन ०.६४ मिमीची असते म्हणून ती ०.८ च्या भोकात जाईल असं वाटतं, पण पिन चौकोनी असते आणि कर्णावर तिचं माप ०.९ मिमी भरतं. बोर्ड बसवायच्या एम३ स्क्रूसाठी ३.२ मिमी.

आता पॅड. कारखान्यात बनणाऱ्या बोर्डांसाठी सॉफ्टवेअरने दिलेले पॅड घरच्या कामाला लहान पडतात. हाताने ड्रिल करताना भोक पाव मिलिमीटर तरी इकडेतिकडे होणारच, हे धरूनच चालायचं. पॅड २ मिमी व्यासाचा आणि भोक ०.८ मिमीचं असेल, तर सगळीकडून ०.६ मिमीची तांब्याची कडी उरते. भोक पाव मिलिमीटर सरकलं तरी सोल्डर धरायला पुरेसं तांबं राहतं. आयसीच्या पायांमधलं अंतर २.५४ मिमी असतं, त्यामुळे तिथे गोल पॅडऐवजी लांबट पॅड घ्या: १.६ मिमी रुंद, २.४ मिमी लांब. दोन पायांमधून ट्रॅक (वायरचं काम करणारी तांब्याची पट्टी) न्यायचा मोह पहिल्या बोर्डावर टाळा. त्यापेक्षा एखादा जंपर (वरून जोडलेला वायरचा तुकडा) टाका. जंपर टाकण्यात कमीपणा काहीच नाही.

ट्रॅक १ मिमी ठेवा, अगदीच अडचण झाली तर ०.८. दोन ट्रॅकमध्ये अर्धा मिलिमीटर तरी मोकळी जागा हवी. नेहमीच्या कॉपर क्लॅडवर (तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या बोर्डावर) तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो आणि त्यावरचा १ मिमीचा ट्रॅक साधारण २ अँपिअर करंट सहज नेतो. म्हणजे एलईडी, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर यांच्यासाठी काळजीचं कारण नाही. मात्र मेनच्या (घरातल्या विजेच्या) व्होल्टेजचं सर्किट घरच्या बोर्डावर करू नका, निदान सुरुवातीला तरी नाही.

नकाशातली आणखी एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडते. प्रत्येक पॅडच्या मधोमध ०.४ मिमीचा ठिपका तांब्याविना ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये प्रिंट करताना भोक लहान दाखवण्याचा पर्याय असतो, तो वापरा. एचिंग झाल्यावर तिथे बारीक खळगा तयार होतो आणि बिट त्यात आपोआप बसतो. वेगळा पंच मारावा लागत नाही. पंच मारायला गेलात तर फिनॉलिक बोर्डाचा टवका उडू शकतो.

मोकळ्या जागेत ग्राउंडचं तांबं भरून टाका. १० सेंमी लांब-रुंद बोर्डावर सगळं मिळून जेमतेम ३ ग्रॅम तांबं असतं. त्यातलं अर्धं जागेवरच राहिलं तर द्रावण निम्मं वापरलं जातं आणि नंतर फेकायचा कचराही तेवढाच कमी होतो.

कोणता बोर्ड घ्यायचा

बाजारात दोन प्रकार दिसतील. तपकिरी, अपारदर्शक आणि हलका तो फिनॉलिक. फिकट हिरवट-पिवळा, थोडा आरपार दिसणारा तो ग्लास इपॉक्सी, म्हणजे एफआर-४. एफआर-४ मजबूत असतो, उष्णतेने वाकत नाही आणि सोल्डर करताना पॅड चटकन उचकटत नाही. पण त्यातल्या काचेच्या धाग्यांमुळे साधे बिट लवकर बोथट होतात आणि ड्रिल करताना उडणारी धूळ फुप्फुसांना वाईट. पहिले दोन-तीन बोर्ड फिनॉलिकवर करा, हे माझं मत. साधा हातड्रिल आणि साधे एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट यावर ते छान होतात. जाडी दोन्हींची बहुधा १.६ मिमी असते.

प्रिंट: उलट की सुलट?

ट्रॅक पर्मनंट मार्करने थेट तांब्यावर काढता येतात, आणि चार-पाच पार्ट्सच्या सर्किटला तेवढं पुरतं. एक हात द्या, सुकू द्या, वरून दुसरा हात द्या. त्यापुढच्या कामाला टोनर ट्रान्सफर बरं. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे बारीक प्लास्टिकची पूड. इस्त्रीच्या उष्णतेने ती वितळून कागदावरून तांब्यावर चिकटते. इंकजेटच्या शाईने हे होत नाही.

प्रिंट उलट काढायची की सुलट, यावर प्रत्येकाचा एकदा तरी गोंधळ उडतो. पाठ करायला जाऊ नका. नकाशात तांब्याच्या थरावर एखादं अक्षर लिहा, बोर्डावर ते सुलट वाचता येईल असं. मग प्रिंट बघा: कागदावर ते अक्षर आरशात दिसल्यासारखं उलटं दिसायला हवं. कागद पालथा पडला की ते सुलट होतं. खालच्या थरासाठी सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा मिरर करावं लागत नाही, कारण तिथे तुम्ही बोर्डाकडे आधीच वरून, म्हणजे आरपार बघत असता. पण सेटिंग काहीही असो, शेवटचा निकाल त्या अक्षराचा.

प्रिंट १०० टक्के आकारातच काढा. पानात बसवून घेण्याचा पर्याय बंद करा, टोनर वाचवण्याचा पर्यायही बंद करा आणि गडदपणा सगळ्यात जास्त ठेवा. प्रिंट आली की आयसीचा सॉकेट तिच्यावर ठेवून बघा. ८ पायांच्या सॉकेटवर एक-दोन टक्क्यांचा फरक कळणार नाही. ४० पायांच्या आयसीमध्ये मात्र एका ओळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या पायात ४८.२६ मिमी अंतर असतं. तिथे दोन टक्के चूक म्हणजे जवळजवळ १ मिमी. मोठा आयसी नसेल तर हेच अंतर पट्टीने मोजा.

कागद गुळगुळीत, चकचकीत हवा: ग्लॉसी फोटो पेपर किंवा रंगीत मासिकाचं पान. मासिकाचं पान पातळ असतं, पाण्यात लवकर विरघळतं, पण प्रिंटरमध्ये अडकण्याची खोडही त्यालाच जास्त. ते साध्या कागदावर वरच्या कडेने चिकटवून आत सोडा. छापलेल्या बाजूला बोट लावू नका.

घासणं, ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो

बोर्ड मापाने कापा आणि कडा पॉलिश पेपरने घासून सपाट करा. कडेला उभी धार राहिली तर इस्त्री तिच्यावर टेकते आणि तिथला टोनर चिकटत नाही. मग तांबं हिरव्या घासणीने, थोडी भांड्यांची पावडर घेऊन, आधी उभं आणि मग आडवं घासा. तारेची घासणी नको, तिचे खोल ओरखडे नंतर ट्रॅक तोडतात.

स्वच्छ झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. नळाखाली धरा आणि पाणी निथळू द्या. पाणी सगळीकडे सलग पातळ थर धरून राहिलं तर तांबं स्वच्छ आहे. कुठे थेंब गोळा होऊन बाजूला सरकले, कोरडी बेटं दिसली, तर तिथे तेलकटपणा आहे, पुन्हा घासा. त्यानंतर पुसून, ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवून लगेच इस्त्रीला घ्या. आता बोर्ड फक्त कडेने धरायचा.

इस्त्री आणि पाणी

इस्त्री सुती कपड्यांच्या खुणेवर ठेवा, वाफ बंद. आधी नुसता बोर्ड अर्धा मिनिट गरम करा, मग छापलेला कागद पालथा ठेवा. तो लगेच चिकटतो, त्यामुळे पहिल्यांदाच नीट जागेवर टेकवा. पहिलं मिनिट इस्त्री न हलवता दाबून धरा, पुढची तीन-चार मिनिटं टोकाने कडा आणि कोपरे दाबत फिरवा. कमी दाबलं तर टोनर चिकटत नाही, फार दाबलं तर ट्रॅक पसरून एकमेकांना भिडतात. प्रत्येक प्रिंटरचा टोनर वेगळ्या तापमानाला वितळतो, म्हणून एका तुकड्यावर आधी आपला अंदाज बसवून घ्या.

बोर्ड थोडा निवला की कोमट पाण्यात १५-२० मिनिटं सोडा. कागद ओढून काढू नका, भिजल्यावर अंगठ्याने चोळून त्याचे गोळे काढा. आता एक गोष्ट नीट बघा. ओलं असताना बोर्ड स्वच्छ दिसतो, पण वाळला की कागदाचे पांढरे तंतू उठून दिसतात. काळ्या टोनरवर पांढुरकं काही राहिलं असेल तर असू द्या. दोन ट्रॅकच्या मध्ये किंवा पॅडच्या बारीक ठिपक्यात राहिलं असेल तर ते काढायलाच हवं, कारण त्याच्याखालचं तांबं खाल्लं जाणार नाही. जुना टूथब्रश आणि टाचणी घ्या. तुटलेले ट्रॅक पर्मनंट मार्करने जोडा. चार-पाच ठिकाणी तुटलं असेल तर डागडुजी करा. त्याहून जास्त असेल तर ॲसिटोनने सगळं पुसून पुन्हा इस्त्री करणंच लवकर होतं.

एचिंग

सुरुवातीला फेरिक क्लोराइड घ्या. ते खड्यांच्या स्वरूपात मिळतं किंवा तयार द्रावण म्हणून. पिवळट-तपकिरी ओलसर खडे असतील तर लिटरभर पाण्याला साधारण अर्धा किलो. नेहमी पाण्यात खडे टाका, खड्यांवर पाणी ओतू नका, आणि थोडे थोडे टाका. विरघळताना ते तापतं. काळपट, कोरडी पूड असेल तर फारच तापतं आणि झोंबणारी वाफ येते, म्हणून ती नवख्यांनी घेऊ नये. काम उघड्या खिडकीशी करा. हातमोजे आणि गॉगल घाला आणि जुने कपडे वापरा, कारण हे डाग सहज जात नाहीत. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं. ॲल्युमिनियम आणि स्टील दोन्ही या द्रावणात खाल्ले जातात, स्वयंपाकघरातलं स्टीलचं सिंकसुद्धा. शक्यतो स्वयंपाकघरात हे काम करूच नका, आणि भांडं एकदा यासाठी वापरलं की पुन्हा खाण्याच्या कामी नाही.

हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण फार झपाट्याने काम करतं, म्हणून अनेकांना आवडतं. त्यातून क्लोरीन सुटू शकतो. मी नवख्याला ते सुचवणार नाही. सोडियम परसल्फेट हा चांगला पर्याय आहे. ते पारदर्शक असतं, बोर्डाचं काय चाललंय ते दिसतं, आणि तांबं विरघळेल तसं निळं होत जातं. पण ते ४०-५० अंशांवर ठेवावं लागतं आणि वापरलेलं द्रावण घट्ट बूच लावून ठेवता येत नाही. त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

फेरिक क्लोराइडही कोमट केलं की जोमाने चालतं. द्रावणाचं भांडं गरम पाण्याच्या मोठ्या टबात ठेवा, ४०-४५ अंश पुरे. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही.

बोर्ड सोडायच्या आधी एक छोटी परीक्षा: दहा सेकंद बुडवून बाहेर काढा आणि पाण्यात बुडवून बघा. उघडं तांबं सगळीकडे चकाकी जाऊन फिकट गुलाबी, मंद झालं असेल तर ठीक. जिथे अजून तांब्याची चमक दिसते तिथे टोनरचा पुसट थर किंवा बोटाचा ठसा आहे. आत्ता घासून काढता येईल, दहा मिनिटांनी उशीर झालेला असेल.

मग बोर्ड तांब्याची बाजू खाली करून सोडा आणि भांडं हलकं हलवत राहा. बाजू खाली असली की सुटलेला गाळ पृष्ठभागावर साचून न राहता तळाशी जातो. ताज्या कोमट द्रावणात १० ते १५ मिनिटं लागतात. थंड किंवा बरंच वापरलेलं असेल तर पाऊण तासही लागेल. तांबं आधी कडांना जातं, मधलं शेवटी. मधला एखादा डाग जात नाही म्हणून बोर्ड तसाच ठेवला तर तोवर द्रावण टोनरखाली बाजूने शिरून ट्रॅक बारीक करत असतं. हलवत राहायचं ते याचसाठी. एफआर-४ बोर्ड धुऊन दिव्यासमोर धरला की उरलेलं तांबं सावलीसारखं दिसतं. फिनॉलिकमधून उजेड येत नाही, तिथे तिरका प्रकाश टाकून बघा. काम झालं की लगेच भरपूर पाण्यात धुवा, तेही बादलीत, नळाखाली नाही.

उरलेलं द्रावण फेकू नका, ते बऱ्याच बोर्डांना चालतं. हिरवट-काळं झालं आणि गरम असूनही तासभर लागू लागला की ते संपलं. ते आणि धुतलेलं पाणी मोरीत किंवा मातीत ओतायचं नाही. त्यातलं तांबं पाण्यातल्या जिवांना मारक असतं, धातूचे पाइपही खराब होतात. ते मोठ्या बादलीत घेऊन त्यात धुण्याचा सोडा चिमूट चिमूट टाका, फेस येतो म्हणून घाई नको. फेस यायचा थांबला की गाळ खाली बसतो. तो गाळ गाळून, वाळवून, घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. द्रावणाच्या बाटलीवर नाव मोठ्या अक्षरात लिहा आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. कोल्ड्रिंकची बाटली यासाठी कधीच वापरू नका.

ड्रिलिंग

टोनर एवढ्यात काढू नका. काळ्या पॅडमधला उजळ ठिपका बिट टेकवायला छान दिसतो आणि तांबं बोटांच्या घामापासून वाचतं. काही जण आधी टोनर काढतात, चमकत्या तांब्यावर काम करायला त्यांना बरं वाटतं. मला नाही जमत, चमकेमुळे ठिपका हरवतो.

भिंतीत भोकं पाडायचा मोठा ड्रिल बाजूला ठेवा. त्याचा चक (बिट पकडणारा भाग) ०.८ चा बिट धरतच नाही, आणि धरला तरी डुगडुगतो. छोटा डीसी मोटरचा मिनी ड्रिल घ्या, १० हजार आरपीएमच्या वर फिरणारा असला तर उत्तम. बिट दोन जातींचे: एचएसएस लवचिक असतो, हाताने धरून चालतो, पण एफआर-४ वर काही डझन भोकांत बोथट होतो. कार्बाइड शेकडो भोकं पाडतो, पण कडेने जरा जोर पडला की काडकन मोडतो. म्हणून कार्बाइड फक्त स्टँडवर, हाताने एचएसएस, हे साधं गणित. मोडलेला तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही, तेव्हा गॉगल हवाच.

बोर्डाखाली एमडीएफचा किंवा लाकडाचा सपाट टाकाऊ तुकडा ठेवा, नाहीतर बिट खालून बाहेर पडताना टवका काढतो. भोक तांब्याच्या बाजूनेच पाडा. मोटर बंद असताना बिटचं टोक खळग्यात टेकवा, वरून सरळ बघा, मग सुरू करा. फिरता बिट खाली आणलात तर तो पॅडवर घसरत जातो. दाब बोटाच्या वजनाएवढाच. खाली जाऊन सरळ वर आणा, भोकात वळवू नका. आधी बोर्डावरची सगळी ०.८ ची भोकं, मग १ ची, मग मोठी. आयसीच्या ओळीत पहिलं आणि शेवटचं भोक आधी पाडून सॉकेटची दोन टोकं बसतात का ते पाहा आणि मग मधली पाडा.

बिट बोथट झाल्याची खूण म्हणजे भोकाभोवती तांब्याची कडी वर उचलली जाते आणि जोर जास्त लावावा लागतो. तेव्हा बिट बदला. त्या जोरानेच पॅड उचकटतात. मोठा बिट दोन बोटांत धरून प्रत्येक भोकाच्या तोंडावर अर्धा वेढा फिरवला की बारीक कडा निघून जातात. त्याहून जास्त फिरवलं तर पॅडच जायचा.

धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा. एफआर-४ वर काम करताना मास्क लावा आणि टेबल झाडण्याऐवजी पुसा.

सोल्डर करण्याआधी

ॲसिटोनने टोनर काढा आणि घासणीचा हलका हात फिरवा. मल्टीमीटर बीपवर ठेवून शेजारशेजारचे ट्रॅक तपासा, विशेषतः ग्राउंडच्या भरावाला लागून जाणारे. नको तिथे बीप वाजला तर तो केसाएवढा तांब्याचा धागा असतो, कटरच्या टोकाने खरवडला की जातो. ट्रॅक तुटला असेल तर रेझिस्टरचा कापलेला पाय वरून सोल्डर करा. मार्करच्या डागडुजीपेक्षा हा जोड कितीतरी पक्का.

तांबं तसंच ठेवलं तर काही दिवसांत काळवंडतं आणि सोल्डर धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये राळ विरघळवून ब्रशने पातळ हात दिला की तांबं टिकतं, शिवाय तोच थर सोल्डर करताना फ्लक्सचं (सोल्डर नीट पसरवणाऱ्या पदार्थाचं) काम करतो. पार्ट्स बसवताना आधी जंपर, मग रेझिस्टर, मग सॉकेट, उंच कपॅसिटर शेवटी. आयसी सॉकेटमध्ये घालण्याआधी नुसता पुरवठा जोडा आणि सॉकेटच्या पॉवर आणि ग्राउंडच्या पायांवर योग्य व्होल्टेज येतंय का ते मोजा. आलं, तर पुरवठा काढा, आयसी खाचेची बाजू बघून बसवा आणि पुन्हा जोडा.